चिंचोक्याचे पीठ



शिमगा जवळ आला की आपल्या लातूरच्या बाजारात चिंचेची आवक वाढते. गावोगाव बाया चिंचा फोडायला बसतात. गर एका टोपल्यात, चिंचोका दुसऱ्या टोपल्यात. टरफल उकिरड्यावर. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे तिचे नाव दुसरीकडच्या मालाला लावता येत नाही. गराचा मान वाढला. चिंचोक्याचे काय?

१०० किलो चिंच फोडली तर सुमारे ५५ किलो गर निघतो आणि ३० ते ३५ किलो चिंचोका. म्हणजे तिसरा हिस्सा! तो आपण मातीमोल देतो. त्याची भुकटी कापडाच्या सुताला खळ द्यायला जाते. खळ आपल्याला नवी नाही. धनगर घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात. पण घोंगडीचे पोट भरावे आणि लेकराचे रिकामे राहावे, हे आम्हांला पटत नाही.

चिंच ही तुरी-हरभऱ्याच्या कुळातली. तिलाही शेंगाच येतात, बघा. म्हणून चिंचोक्याच्या आतल्या गरात डाळीसारखी प्रथिने असतात. १०० भागांत सुमारे १५ ते २०. ज्वारीत १० च्या आसपास. अंग भरते ते प्रथिनांनी. ज्या घरात रोज डाळ शिजत नाही, त्या घराला हे कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, चिंचोके खाल्ले की पोट दुखतंय." खरे आहे. दोष वरच्या तांबड्या सालीचा. ती तुरट असते, पोट बांधते. साल काढल्याशिवाय चिंचोका खाऊच नये.

आता कृती ऐका. चिंचोके पाण्यात टाका. तरंगतील ते किडके, ते फेका. बाकीचे धुऊन वाळवा आणि कढईत तापल्या वाळूत भाजा. साल तडकली की उतरवा, करपू देऊ नका. उखळात हलक्या हाताने कांडा, सुपात पाखडा. पांढरा गर उरेल. तो रातभर भिजवा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात मऊ शिजवा. मग खडखडीत वाळवा. गिरणीवाला कुरकुर करील, म्हणून आधी घरी कुटून भरड करून न्या.

१० वाट्या ज्वारीच्या पिठात याची १ वाटी पुरे. जास्त घातले तर पीठ फार चिकट होते. विरी गेलेल्या पिठाला मात्र हा चिकटपणा कामी येतो. लहान लेकराच्या हाती अख्खा चिंचोका देऊ नका, घशात अडकतो.

नांदेडकडच्या मंडळींनाही एक सांगतो. अर्धापूरला केळीचे मळे आहेत. घड धरला की केळफूल मोडून बांधावर टाकतात. त्याची भाजी चांगली होते. फुलांतले ताठ दांडे काढा, चिरून रातभर ताकात ठेवा. तुरटपणा जातो. मळ्यात औषध फवारले आहे का, ते आधी मालकाला विचारा.

बायांनो, चिंच फोडायची मजुरी ठरवतानाच "दोन पायल्या चिंचोका आम्ही घरी नेऊ" असे बोलून घ्या. माल गाडीत चढल्यावर मागितले तर कोणी देत नाही.