हजेरीपटाची एक प्रत

मोठा मोर्चा निघाला, घोषणांनी रस्ते दुमदुमले, की चळवळ जिंकली असं आपण धरून चालतो. पण चार दिवसांत मंडप निघतो, माणसं कामाला लागतात. मग समाजात टिकणारा बदल होतो तो कशानं? माहितीच्या अधिकाराचा इतिहास याचं चांगलं उत्तर देतो.

तो सुरू होतो मध्य राजस्थानातल्या कोरडवाहू गावांत. दुष्काळी कामांवर मजूर दिवसभर राबायचे आणि हातात पडायचे किमान वेतनाहून कमी पैसे. खरं तर दुष्काळी कामावरच्या मजुरालाही किमान वेतन मिळालंच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये राजस्थानातल्याच एका खटल्यात दिला होता. पण तो निकाल कामावर पोचलाच नव्हता. तिथं उत्तर मिळे, ‘तुमचं काम मापात बसत नाही.’ माप दाखवा म्हटलं, तर ते सरकारी दप्तर. ते बाहेरच्याला दाखवायचं नाही!

1 मे 1990 रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. सनदी नोकरी सोडून आलेल्या अरुणा रॉय, शंकर सिंह, निखिल डे आणि त्या भागातले शेतकरी-मजूर यांची ही संघटना. आधी मजुरीसाठी उपोषणं झाली. त्यातून सगळ्यांच्या लक्षात आलं, की भांडण मजुरीचं असलं तरी खरी गोम हजेरीपटात, म्हणजे कोण कामावर आलं आणि किती मजुरी दिली याच्या नोंदीत, आहे.

डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई, म्हणजे जाहीर सुनावणी, भरली. कशीबशी मिळवलेली कागदपत्रं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. अशा सुनवायांत ज्याच्या नावे मजुरी उचललेली असे, तोच माणूस उठून सांगे, ‘मी या कामावर गेलोच नव्हतो.’ पूर्ण झाल्याचं दाखवलेलं बांधकाम अर्धवट निघे. लिहिता-वाचता न येणारी माणसं सरकारी हिशेब तपासू लागली. वर्षानुवर्षं जी कुजबुज होती, तिला पुरावा मिळाला.

आता मागणी नेमकी झाली: खर्चाच्या कागदांची झेरॉक्स प्रत द्या. राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत शब्द दिला, पण वर्ष उलटलं तरी हुकूम निघेना. तेव्हा एप्रिल 1996 मध्ये ब्यावर शहरात धरणं सुरू झालं आणि ते चाळीस दिवस चाललं. खेड्यांतून धान्य आलं, बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली. शहरातल्या दुकानदाराला मजुराच्या हजेरीपटाशी काय देणंघेणं? तर कर तोही भरत होता. पैसा आमचा, मग हिशेबही आम्हाला द्या, ही मागणी त्याचीही होती.

चळवळ मोठी होते ती इथं. एकाची मागणी दुसऱ्याला आपली वाटू लागते. मजुरांच्या बाजूनं प्रभाष जोशींसारखे संपादक उभे राहिले. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा मसुदा घडवायला हातभार लावला. गोवा आणि तमिळनाडूनं 1997 मध्ये, राजस्थाननं 2000 मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात पहिला कायदा दुबळा ठरला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानं रेटा लावला आणि त्याच्या जागी अधिक सक्षम कायदा आला. अखेर 12 ऑक्टोबर 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला.

या कायद्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. माहिती का हवी, याचं कारण अर्जदाराला द्यावं लागत नाही. जिथं ‘तू कोण विचारणारा?’ असं दरडावलं जायचं, तिथं आता तीस दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक झालं.

हे फुकट मिळालेलं नाही. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली, आणि असे बळी देशात इतरत्रही गेले. 2019 च्या दुरुस्तीनं माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं. म्हणजे मिळालेला हक्क राखायलाही माणसं लागतात.

ती माणसं म्हणजे तुम्ही आणि मी. तुमच्या गावचा रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, यांच्या खर्चाबद्दल मनात शंका असेल, तर ती पारावर बोलून सोडून देऊ नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि अर्ज करा. आलेलं उत्तर ग्रामसभेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.