हुशारी आहे, अडतं कुठे?



संयोजकांनी मला माझ्या कामाबद्दल बोलायला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यातली काही वर्षं संरक्षण क्षेत्राच्या कामात गेली. तेव्हापासून लोक मला विचारतात, "आपल्याला हे जमत का नाही?"

जमतं. तेजस विमान बघा. १९८३ मध्ये प्रकल्प मंजूर झाला. या विमानाची रचना मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे. संगणक क्षणोक्षणी सावरतो म्हणून ते उडतं. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि नेमकं याच प्रणालीतलं सहकार्य थांबलं. आपल्या अभियंत्यांनी ती बंगळुरूत पूर्ण केली. ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. हवाई दलात पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती १ जुलै २०१६ ला!

मधली पंधरा वर्षं कुठे गेली? काही चाचण्यांत गेली, ती जायलाच हवीत. काही मागण्या बदलण्यात गेली. पहिली मागणी फक्त २० विमानांची, तीही २००६ मध्ये. एवढ्यावर कारखाना वेग कसा धरणार?

मी एका छोट्या कंपनीत होते. आमचं उपकरण दोन उन्हाळे वाळवंटातल्या चाचण्यांत टिकलं. मग निविदा निघाली: उलाढालीची अट आमच्या दसपट, आणि निवड सर्वांत कमी किमतीवर. कंपनीने तो विभागच बंद केला. आठ जण पांगले. त्यांच्या डोक्यातलं ज्ञानही पांगलं.

२०१८ पासून 'आयडेक्स' योजनेत स्टार्टअपना दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू लागलं, हे चांगलंच झालं. पण अनुदानातून नमुना तयार होतो. कंपनी जगते ती ऑर्डरवर. पाषाणच्या 'एआरडीई'ने विकसित केलेल्या 'अटॅग्ज' तोफेचंच बघा. काम २०१३ मध्ये सुरू झालं, ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला.

आपल्यातले काही जण सरकारी हिशेब आणि खरेदी खात्यांत आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. फसलेली चाचणी हा शिकण्याचा खर्च असतो, तिला गैरव्यवहाराच्या रकान्यात टाकू नका. चौकशीच्या धास्तीने अधिकारी सही टाळतो, फाईल पडून राहते आणि सीमेवरचा जवान जुन्याच उपकरणावर रात्र काढतो. तो जवान आपल्याच एखाद्या शाळेतला असतो.