फ्रिलच्या मशीनची खरेदी



मला संयोजकांनी सांगितलं होतं, 'तू आयटीमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल.' मी हो म्हटलं. पण एआयवर सध्या सगळेच बोलतात, घरातली मुलंसुद्धा. म्हणून मी आज दुसऱ्याच मशीनबद्दल बोलणार आहे. शिवणाच्या मशीनबद्दल, आणि तेही सेकंडहॅण्ड. आपल्यातल्याच एका मैत्रिणीसाठी ते मी निवडलं आणि चुकीचं निवडलं. ती इथेच, तिसऱ्या रांगेत बसली आहे. 'बोल, पण माझं नाव घेऊ नकोस,' एवढीच तिची अट आहे. ती हसायला लागली की तुम्हाला कळेलच!

ही मैत्रीण सोलापुरात घरी लहान मुलींचे फ्रॉक शिवते. आपलं सोलापूर चादरींसाठी आणि आता शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध आहे, पण हिचं काम वेगळं. वाढदिवसाचे, लग्नकार्याचे, घेराचे, फ्रिल लावलेले फ्रॉक. दोन वर्षांपूर्वी नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने तिला दिवाळीसाठी ८० फ्रॉकची ऑर्डर दिली, प्रत्येक फ्रॉक तीन लेअरचा.

तीन लेअर म्हणजे काय, ते आधी सांगते. कंबर ६० सेंटिमीटर धरा. तिला जोडायच्या पहिल्या लेअरचं कापड दुप्पट घ्यायचं, म्हणजे १२०, आणि चुण्या घालून ते ६० वर आणायचं. त्याखालचा लेअर २४० आणि सगळ्यात खालचा ४८०. एका फ्रॉकला ८४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेआठ मीटर कापडाला चुण्या घालायच्या. ८० फ्रॉकना ६७२ मीटर. हे गणित तिने मला फोनवर तोंडी सांगितलं. आपल्या गणिताच्या सरांनी हिला किती वेळा बाकावर उभं केलं होतं, आठवतंय ना?

तोवर ती चुण्या घालायची ती बाईंनी शिकवलेल्या पद्धतीने. मशीनचा टाका मोठा ठेवून जवळजवळ दोन ओळी शिवायच्या, मग दोरे ओढत कापड सरकवायचं. पाच मीटर कापडात दोरा हमखास तुटतो. तिने फ्रिल घालायचा फूटही आणून बघितला होता. तो घरगुती मशीनच्या सुईच्या दांडीला अडकवतात. दर टाक्याला, दर सहा टाक्यांना किंवा दर बारा टाक्यांना एक चुणी, असं त्यावर लावता येतं. एखाद-दुसऱ्या फ्रॉकला तो छान. पण दिवसभर चालवला की तिच्या फुटाचा स्क्रू सैल व्हायचा आणि चुणी लहान-मोठी पडायची.

अक्कलकोट रोडला एक शिलाईचं युनिट बंद पडलं होतं आणि तिथली मशीनं विकायला काढली होती. तिची भिशी नुकतीच लागली होती, ३०,००० रुपयांची. तिने मला फोन केला, 'तू इंजिनिअर आहेस, बरोबर चल. मला तिथे कोणी फसवायला नको.' मी गणपती झाल्यावर हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला आले. येताना गाडीत फ्रिलच्या मशीनची सगळी माहिती वाचून काढली. पूर्ण तयारीनिशी उतरले म्हणा ना!

तिथे कामाची दोन मशीनं होती. एक चार दोऱ्यांचं ओव्हरलॉक, स्वच्छ, पांढरंशुभ्र, जपानी बनावटीचं. त्यात डिफरन्शियल फीड होतं. म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या दोन जोड्या असतात, एक पुढे आणि एक मागे. पुढची जोडी कापड जास्त सरकवते, मागची कमी. मग मधल्या जागेत कापड गोळा होतं आणि त्यावर टाका पडतो. पुढच्या-मागच्या वेगाचं प्रमाण एका खटक्याने ठरवायचं. त्यावर २ पर्यंत आकडे होते. दुप्पट! आपल्याला हवं तेच.

दुसरं मशीन काळपट, तेलकट, बघवत नव्हतं. ते एका सुईचं होतं आणि सुईपुढे एक पातळ पोलादी पातं. दर टाक्याला ते पातं कापडाला ढकलून सुईखाली एक चुणी नेतं. खाली दुसरी पट्टी असते. तिच्यामुळे पातं फक्त वरच्या कापडाला चुण्या घालतं आणि खालचं सरळ जातं. म्हणजे चुण्या घालणं आणि जोडणं एकाच टिपेत.

मैत्रीण त्या काळ्या मशीनजवळच उभी राहिली. मला म्हणाली, 'घरून माझं कापड घेऊन येऊ का? पॉपलिन आणि नेट. अर्ध्या तासात येते.' मी म्हटलं, 'कशाला? इथेच चिंध्या पडल्यात.' तिथला एक पातळ मलमलचा तुकडा मी उचलला आणि ओव्हरलॉकवर चालवायला सांगितला. सुंदर चुण्या पडल्या. मी तिला दात्यांचं गणित समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. २२,००० रुपयांना पांढरं मशीन टेम्पोत चढलं.

घरी आल्यावर पहिला धक्का बसला. मशीनची मोटर थ्री फेजची होती आणि हिच्या घरचा मीटर सिंगल फेजचा. मोटरवरची पट्टी वाचायची मला सुचलीच नव्हती, मला, इंजिनिअरला. सिंगल फेजची मोटर बसवायला आणखी ४,००० गेले. मी 'ते पैसे मी देते' म्हटलं. ती म्हणाली, 'राहू दे, शिकायची फी.' मी पुण्याला परत आले.

आठ-दहा दिवस तिचा फोन नाही. मला वाटलं, काम जोरात चाललं असेल. शेवटी मीच फोन केला. ती म्हणाली, 'मशीन चांगलं आहे गं. माझाच हात बसत नाहीये त्याच्यावर. जमेल हळूहळू.'

बाई, हे वाक्य मला फार लागलं. वीस वर्षं सॉफ्टवेअर करताना हे मी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आपण बनवलेली वस्तू चालत नसते, आणि वापरणारा म्हणतो, 'मलाच जमत नाही.' कारण वस्तू मोठ्या शिकलेल्या माणसाने बनवलेली किंवा निवडलेली असते. हिचा हात तर वयाच्या बाराव्या वर्षापासून मशीनवर बसलेला. तो आताच कसा बसेना?

शनिवारी मी परत सोलापूर गाठलं. तिच्या खोलीत शिवून झालेले अकरा फ्रॉक टांगले होते. चुण्या नीट होत्या, एकसारख्या होत्या. पण फ्रॉक गळल्यासारखे दिसत होते, घेरच नव्हता. मी तिच्याकडून खडू घेतला, पॉपलिनवर १०० सेंटिमीटरवर खुणा केल्या, खटका २ वर ठेवला आणि टीप मारली. नंतर पट्टीने मोजलं. कापड ५० वर यायला हवं होतं, आलं ६७ वर. म्हणजे दुप्पट नाही, दीडपट. नेटचा तुकडा घेतला, तर चुण्या एकीकडे दाट, एकीकडे विरळ.

कारण साधं आहे. डिफरन्शियल फीड कापडाला फक्त गोळा व्हायला लावतं. मलमलीसारखं पातळ कापड गोळा होतं. पॉपलिन जरा ताठ, ते तेवढं मुडपत नाही. खटक्यावरचा २ हा दात्यांचा आकडा होता, कापडाचा नव्हता.

आणि दीडपट म्हणजे थोडंसंच कमी, असं वाटेल. पण तीन लेअरमध्ये ते दर वेळी गुणलं जातं. ६० चे ९०, ९० चे १३५ आणि १३५ चे जेमतेम २०२. जिथे ४८० चा घेर हवा, तिथे २०२! निम्म्याहूनही कमी. हे गणित मी तिला सांगायला लागले, तर ती म्हणाली, 'ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण तू एवढं वाचून आली होतीस, म्हणून वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.'

सोमवारी मी सुटी टाकली आणि आम्ही परत अक्कलकोट रोडला गेलो. या वेळी पिशवी तिची होती. पॉपलिन, कॅम्ब्रिक, दोन जातींचं नेट, स्वतःचा दोरा, खडू आणि टेप. मी फक्त बरोबर होते. तिने काळ्या मशीनवर प्रत्येक कापड आधी हळू आणि मग वेगात चालवून बघितलं. शिवणीच्या जागी, जिथे कापड दुहेरी होतं, तिथे पातं अडकतं का, ते बघितलं. खालची पट्टी काढून घालून बघितली. मशीन बंद करून चाक हाताने फिरवलं आणि कान लावून ऐकलं. पात्याची धार झिजलीय का, ते बोटाने चाचपलं. सुईचा नंबर विचारला आणि ती सोलापुरात मिळते का, तेही. दर कापडाला १०० चे ५० होईपर्यंत स्क्रू फिरवला आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला.

आमच्या कंपनीत अशा तपासणीला टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं असतात. ही पंचेचाळीस मिनिटांत एकटीने सगळं करून मोकळी झाली.

ओव्हरलॉक त्यांनी १६,००० ला परत घेतलं. काळं मशीन १८,००० ला मिळालं आणि सिंगल फेजची मोटर त्याला बसली. सहा हजारांचा खड्डा पडला. मी सगळे देते म्हटलं, ती ऐकेना. शेवटी अर्धे-अर्धे ठरलं. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान तीन आठवड्यांचं होतं. दिवाळीआधी ६२ फ्रॉक गेले. उरलेले १८ दुकानदाराने नंतर घेतले, पण भाव पाडून. ते नुकसान अर्धं वाटून घेता येत नाही.

ते काळं मशीन आज दोन वर्षं चालू आहे. मदतीला दोघी जणी येतात. आपल्यापैकी कुणाला असं सेकंडहॅण्ड मशीन घ्यायचं असेल, तर माझा सल्ला दोन ओळींचा आहे. स्वतःचं कापड आणि स्वतःचा दोरा घेऊन जा, खुणा करून मोजा, मोटरवरची पट्टी वाचा. आणि ज्याला त्यावर रोज बसायचंय, त्यालाच निवडू द्या.

आता शेवटचं. शिवणाच्या बाई समोर बसल्या आहेत, तर एक कबुली देऊनच खाली बसते. बाई, आठवीत कार्यानुभवाच्या वहीत फ्रिलचा नमुना लावायचा होता. माझा नमुना मी शिवला नव्हता, हिने शिवला होता. त्या बदल्यात मी तिला बीजगणिताची अकरा उदाहरणं सोडवून दिली होती. तुम्ही मला दहापैकी नऊ दिलेत आणि हिला सात. तुम्ही म्हणाला होतात, 'चुण्या घालाव्यात तर अशा,' आणि माझा नमुना सगळ्या वर्गाला दाखवला होता. ही तेव्हाही गप्प बसली होती.

ते नऊ मार्क हिचे आहेत, बाई. आज सगळ्यांसमोर परत करते.