मूठभर पेंड

कवितेच्या वाटेला गेलेला माणूस आज गुरांच्या वैरणीवर आणि ढेकरांवर बोलणार म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. पण आम्ही आटपाडीकडची माणसं. खिलार जनावरांच्या सोबतीनंच मोठे झालो.

मी शाळेत असताना अब्बांनी खरसुंडीच्या बाजारातून एक खोंड आणला. ज्वारीचा कडबा, कधी कृष्णाकाठाकडून आलेलं उसाचं वाढं, असं त्याच्यापुढे भरपूर असायचं. तरी खोंड अंग धरीना. शेजारचे अण्णा म्हणाले, "भाई, नुसत्या कडब्यावं जनावर वाढतंय व्हय? मूठभर पेंड घाला." अब्बा गप्प राहिले. घरातच तेला-मिठाची ओढाताण, पेंड कुठून आणायची? दोन वर्षांनी खोंड पडत्या किमतीत विकला. 'खोंडच खोटा निघाला,' असं अब्बा नंतर कितीतरी दिवस म्हणत.

खोटा खोंड नव्हता. गुराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, चारा तेच पचवतात. त्यांना जगायला नत्र लागतं आणि ते प्रथिनांतून मिळतं. चाऱ्यात शेकडा 7 पेक्षा कमी प्रथिनं असली, की हे जीवच उपाशी राहतात. चारा पोटात रेंगाळतो, जनावर कमी खातं. कडब्यात प्रथिनं शेकडा 4-5च्या आसपास, वाढ्यातही फारशी जास्त नाहीत. सरकीच्या पेंडीत ती 20च्या वर असतात, शेंगदाण्याच्या पेंडीत 40च्या घरात.

हा चारा आंबताना मिथेन वायू तयार होतो आणि मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा. शिवाय वैरणीतली थोडी ताकदही त्याच्याबरोबर वाया जाते. पेंडीनं ढेकर थांबत नाही. जनावर पोटभर खाऊ लागलं, तर रोजचा मिथेन थोडा वाढेलही. पण वाढलेल्या प्रत्येक किलो वजनामागं तो कमी पडतो. तीन वर्षांत जुवाखाली येणारा खोंड अर्धपोटी राहून पाच वर्षं घेत असेल, तर जास्तीच्या दोन वर्षांचे ढेकर हवेतच जातात.

परदेशात हा हिशेब मांसासाठी पोसलेल्या गुरांवर मांडतात. आपल्या राज्यात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. आपल्याकडे वाढ मोजायची ती औताच्या ताकदीनं. हिशेब मात्र तोच. पेंडीचा अतिरेकही नको. जास्तीची प्रथिनं मुतावाटे जातात, पैसा वाया जातो आणि त्यातूनही हवा बिघडवणारे वायू निघतात. पेंड परवडत नसेल, तर बांधावर सुबाभूळ लावावी, पाणी असेल तर वाफाभर लसूणघास करावा आणि कडब्यात थोडा थोडा मिसळावा.

2019च्या दुष्काळात माणमधल्या एका छावणीत गेलो होतो. एक म्हातारी उसाच्या कांड्यांवर जपून पेंड भुरभुरत होती, आधी कालवडीच्या वाट्याला, मग गाईच्या. मला आमचा खोंड आठवला. अब्बा आज नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं, खोट त्याच्यात नव्हती. आणि तुमच्यातही नव्हती.