आधी मान वर



फुटबॉल प्रशिक्षकांच्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळावं आणि तेही कोल्हापुरात, याचा मला अभिमान वाटतो. संयोजकांचे मनापासून आभार. अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो अहवालात छापलेला आहे, सवडीने वाचावा. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ती फार वर्षं मनात साचली आहे. आपण मुलांना क्रॉस मारायला शिकवतो, बघायला शिकवत नाही.

सकाळी कुठल्याही मैदानावर जा. साइडलाइनला शंकू मांडलेले, विंगरांची रांग लागलेली. एकेक पोरगा वळसा घालून येतो आणि चेंडू बॉक्समध्ये उचलतो. अंगावर येणारा बचावपटू नाही, आत धावणारा कोणी नाही. तरी प्रशिक्षक ओरडतो, "मस्त!" काय मस्त? त्या पोराने एकदाही मान वर केलेली नसते.

सकाळच्या सत्रात एका सहकाऱ्यांनी क्रॉसचे दिवस संपल्याचं सांगितलं. दाखला दिला २०१४चा. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडने फुलहॅमविरुद्ध ८०हून अधिक क्रॉस मारले आणि सामना २-२ सुटला. दाखला खरा आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच लीगमध्ये २०१८-१९च्या हंगामात लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने राइट-बॅकला खेळून १२ गोल करून दिले. दिवस संपले असतील तर ते आंधळ्या क्रॉसचे.

दुसरा वाद, चेंडू उंच द्यावा की जमिनीलगत. याचं उत्तर मला इथल्याच एका पेठेतल्या डावखुऱ्या पोराने दिलं. पाय सुरेख, पण चेंडू नेमका गोलरक्षकाच्या हातात. मी त्याच्यासमोर एक बचावपटू उभा केला, आत दोन धावणारे दिले, एक लाल जर्सीत, एक पिवळ्या. मारण्याआधी मोकळ्या गड्याचा रंग ओरडायचा, एवढीच अट. सुरुवातीला तो मारून झाल्यावर ओरडायचा! मग हळूहळू त्याचा शेवटचा टच बदलला. चेंडू पावलाभराने पुढे आणि जरा बाहेर जाऊ लागला, तेवढ्या क्षणात मान वर येऊ लागली. लाल नियर पोस्टकडे सुटला की चेंडू खालून, जोरात. पिवळा मागे थांबला की पेनल्टी स्पॉटकडे कटबॅक. उंची मी त्याला कधी सांगितलीच नाही. ती धावणारा ठरवतो.

आणि धावणाऱ्यांनाही आपण वाऱ्यावर सोडलं आहे. गोल ७.३२ मीटर रुंद, आणि आपले तिघे स्ट्रायकर एकाच ठिकाणी गर्दी करतात. एकाने नियर पोस्टला, एकाने फार पोस्टला जावं, एकाने मागे थांबावं. विंगरची मान वर झाली, की सुटायचं. त्याआधी नाही.

गुणवत्ता नाही, असं कृपा करून म्हणू नका. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

सरावाचा समान आराखडा, बॉक्समधल्या धावांचं वेगळं शिबिर, ही कामं कार्यकारिणीने हाती घ्यावीत. तपशील बसून ठरवू. पण तुम्ही त्यासाठी थांबू नका. परत गेल्यावर पहिल्याच सरावात शंकू बाजूला करा आणि तिथे एक बचावपटू उभा करा. आणि मान खाली घालून मारलेल्या क्रॉसवर गोल झाला, तरी त्या पोराला शाबासकी देऊ नका.