बैठक मोडेपर्यंत बसा

हातात लेझीम धरून ‘हे काका कधी आटपणार’ म्हणून माझ्याकडे बघणाऱ्या मुलामुलींनो,

मुख्याध्यापिका मॅडमनी पत्रात मला विषय दिला होता, ‘अभियांत्रिकी क्षेत्रातील संधी’. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, म्हणून. तो लगेच उरकतो. गणित सोडू नका आणि डिप्लोमाला कमी लेखू नका. बाकीची माहिती मोबाइलवर माझ्यापेक्षा ताजी मिळेल.

इथे उभं राहिल्यावर मला भलतंच आठवायला लागलंय. आमच्या वेळी ही इमारत नव्हती. कौलारू पडवी होती, पावसाळ्यात अर्धा वर्ग भिजायचा, आणि समोर असाच सिद्धगड. 2 जानेवारीला गणिताचे सर आम्हाला अंधारातच गडाखालच्या हुतात्मा स्मारकावर न्यायचे. थंडीनं दात वाजायचे. भाई कोतवाल, हिराजी पाटील, 1943 ची ती पहाट, हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या पोलिसांचा गोळीबार... तुम्ही परवाच जाऊन आलात, मी पुन्हा सांगत बसत नाही.

पण परतीच्या वाटेवर सर जे बोलायचे ते स्मारकावरच्या भाषणांत कधी आलं नाही. म्हणायचे, स्वातंत्र्यलढ्यात विजेचे मनोरे पाडण्याआधी भाई कोतवाल हा माणूस काय करत होता ते विचारा की. माथेरानच्या नाभिक घरातला मुलगा, शिकून वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष होता. शेतकऱ्यानं सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यानं धान्यकोठ्या काढल्या, गावांत शाळा चालवल्या. म्हणजे वह्या, हिशेब, सह्या, बैठका. बंदूक आली ती शेवटचे काही महिने. गेले तेव्हा वय होतं तीस.

त्यांना आणखी साठ वर्षं मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं? याचं उत्तर मला पार सांगली जिल्ह्यात सापडलं. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. जन्म 1922 चा. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारातले भूमिगत. 1944 च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडे चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यात हे. पुढे पकडले गेले, आणि त्याच साली सातारच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पसार झाले. 1945 साली मणदूरच्या चकमकीत त्यांचे सोबती किसन अहिर मारले गेले. अण्णा वाचले.

एवढ्यावर एखादा माणूस जन्मभर सत्कार घेत फिरला असता! अण्णा 1957 साली आमदार झाले, पुन्हा 1985 साली झाले. वाळव्याला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला स्वतःचं नव्हे, किसन अहिरांचं नाव दिलं, आणि उसाला चांगला दर देणारा कारखाना अशी त्याची ख्याती झाली. पण मला त्यांचं मोठेपण दिसलं ते आटपाडीच्या पाणी परिषदेत. मी सरकारी माणूस, मागे उभा राहून ऐकायचो. वाळवा म्हणजे कृष्णाकाठ, बारमाही ऊस. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवा ही मागणी खरं तर आटपाडी-सांगोल्याच्या माणसानं करायची. ती करायला हा ऊसवाला म्हातारा 1993 पासून वर्षामागून वर्ष तिथे येऊन बसायचा. पाणी समन्यायी वाटा, हे एकच. सत्तरी ओलांडली, ऐंशी ओलांडली, तरी बैठक चुकवली नाही. तुरुंगाची भिंत एका दिवसात ओलांडून होते. हे वर्षानुवर्षं येऊन बसणं मला जास्त अवघड वाटतं.

अमेरिकेत असाच एक होता, डॅनियल इनौये. हवाई बेटांवरचा, जपानी वंशाचा. 1945 च्या एप्रिलमध्ये इटलीत लढताना उजवा हात गेला. व्हायचं होतं सर्जन. 1963 पासून मरेपर्यंत सिनेटमध्ये बसला, जवळजवळ पन्नास वर्षं. दोघेही 2012 साली गेले, अण्णा मार्चमध्ये, तो डिसेंबरमध्ये. आता अमेरिकेचं सिनेट आपल्याला लांब पडतं. ग्रामपंचायतीचं कार्यालय मात्र समोरच आहे, या खिडकीतून दिसतंय.

माझं सांगणं एवढंच आहे, आणि आज तुम्हाला ते कंटाळा येईपर्यंत ऐकावं लागणार आहे. ग्रामसभेला बसा. तानसा, मोडकसागर, भातसा, सगळी धरणं शेजारच्या शहापूर तालुक्यात. मुंबई ते पाणी पिते आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. बारवी धरणाखाली तर आपल्या मुरबाडचीच गावं गेली. हे ज्या बैठकांत ठरलं, तिथे आपलं कोण बसलं होतं? मी खात्याच्या बाजूनं अशा खोल्यांत बसलोय, म्हणून विचारतो. समोरच्या बाजूच्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या असायच्या.

ग्रामसभेचा कोरम माहीत आहे ना? गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग पाचसहा जणांत ठराव. पुढच्या रांगेतली काही मंडळी हसताहेत, त्यांना कळलंय मी काय म्हणतोय ते. सरपंचताई, तुमच्याकडे बघून नाही बोलत हो.

आमचे सर आम्हाला सभेत मागे बसवायचे आणि घरी जाऊन झालेलं सगळं लिहून आणायला सांगायचे. आम्हाला मत नव्हतं, पण कान होते. माझं सगळं इंजिनिअरिंग तिथे सुरू झालं, कारण विहिरीला किती पैसे लागतात हे मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. तुम्ही कोतवालांचा फोटो स्टेटसला ठेवता, छान आहे, ठेवा. पण शाळा, पाणी, रेशन यांवर पुढची बैठक कधी आहे हे तुमच्यातल्या कितींना ठाऊक आहे? हात वर करा बरं. तीन. त्यातही एक सरपंचताईंचा मुलगा!

मॅडम घड्याळाकडे बघताहेत, मुलींचा आदिवासी नाच राहिलाय, तो मलाही बघायचाय. तेव्हा थांबतो. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी घरी जायचं नाही, वही घेऊन तिकडे जायचं, आणि अध्यक्ष सभा संपली म्हणेपर्यंत उठायचं नाही. भाऊसाहेब, तुम्ही ग्रामपंचायत अधिकारी म्हणून समोरच बसला आहात, तुम्हालाच सांगतो : त्या दिवशी सतरंज्या जास्त टाका.