शिरस्त्राण : दंड चुकविण्यासाठी की डोके वाचविण्यासाठी?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षकाने अशा मेळाव्यात अभ्यासावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु अभ्यास ज्या डोक्यात साठवायचा, त्या डोक्याच्या रक्षणाविषयी आज चार शब्द बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. हेल्मेट कसे निवडावे आणि त्यावरील छापाचा अर्थ काय, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या मावळात दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कामशेतचा मुलगा तिच्यावरून तळेगावच्या कॉलेजात जातो, वडगावचा कामगार चाकणच्या कारखान्यात पाळीला जातो, लोणावळ्याचा दुकानदार माल आणतो. द्रुतगती मार्गावर दुचाकीस बंदी आहे. त्यामुळे आपली बहुतेक ये-जा जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने होते. पावसाळ्यात या रस्त्यावर काय असते ते मी आपल्याला सांगायला नको. खंडाळ्याच्या बाजूचे दाट धुके, निसरडा रस्ता, भुशी धरणाकडे निघालेली गर्दी आणि शेजारून जाणारे ट्रक आपण रोज पाहतो.

अशा रस्त्यावर निघताना आपण हेल्मेट घेतो ते कोणासाठी? खरे उत्तर द्यायचे तर पुष्कळदा पुढच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसासाठी. म्हणूनच गाडीला लाखभर रुपये मोजणारा माणूस रस्त्याच्या कडेला टांगलेले सर्वांत स्वस्त टोपडे उचलतो. त्याने एखादे वेळी दंड वाचेल. डोके वाचेल, याची हमी मात्र कोणीच दिलेली नसते.

आपल्या पुणे जिल्ह्याला हेल्मेटविरोधाचीही परंपरा आहे. १ जानेवारी २०१९ पासून पुणे शहरात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा विरोधकांनी मोर्चा काढून हेल्मेटचे प्रतीकात्मक अंत्यसंस्कारही केले. “शहरात आम्ही हळूच चालवतो,” हा त्यांतील अनेकांचा मुद्दा होता. त्याचे उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. सुमारे दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर झालेला असतो. म्हणजे गाडी जवळजवळ उभी असताना तोल गेला, तरी डोके या वेगाने डांबरावर आदळू शकते. गाडीचा वेग त्यानंतरचा प्रश्न झाला.

हेल्मेटच्या शास्त्राचा इतिहासही उद्बोधक आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरील दोन मुलांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्धात लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा त्यांनी अभ्यास केला. तो १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यात स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. २००८ साली जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

आता हेल्मेट काम कसे करते ते पाहू. विद्यार्थी मित्रांनो, क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे नेता. चेंडू थांबायला अधिक वेळ मिळाला की हाताला मार कमी बसतो. हेल्मेटच्या आत थर्मोकोलचा जो जाड थर असतो, तो हेच करतो. वरचे टणक कवच आघात पसरवते आणि थर्मोकोल स्वतः चेपून तो शोषून घेतो. कवटीच्या आत मेंदू ज्या झटक्याने हलला असता, तो झटका सौम्य होतो. स्वस्त टोपड्यात पुष्कळदा हा थर नसतोच. कवचाखाली नुसता स्पंज असतो. तो बोटाने दाबला की सपाट होतो, म्हणजे आघातातही होणार. म्हणून हेल्मेट घेताना आतले कापड थोडे बाजूला करून पाहावे. आणि एकदा चेपलेले थर्मोकोल पुन्हा फुगत नाही, तेव्हा मोठा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी ते बदलावे.

पण आतला थर चांगला की वाईट हे नुसत्या डोळ्यांनी पूर्णपणे कळत नाही. त्यासाठीच प्रमाणचिन्ह असते. भारतीय मानक संस्था, म्हणजे आय.एस.आय., १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्युरोकडे आले, पण छाप मात्र आय.एस.आय. याच अक्षरांचा राहिला. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटसाठी मानक आहे ‘आय.एस. ४१५१’. आघात किती शोषला जातो, हनुवटीचा पट्टा किती ताण सहन करतो अशा चाचण्या त्यात आहेत.

आता हा छाप वाचावा कसा? चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. तिन्ही गोष्टी पाहाव्यात. नुसती ‘आय.एस.आय.’ ही अक्षरे कोणीही छापून चिकटवू शकतो. शिवाय हे चिन्ह प्रेशर कुकरवरही असते. कारखान्यातील पिवळ्या टोपीवरही ते असते, पण तिथे क्रमांक २९२५ असतो. ती टोपी वरून पडणाऱ्या वस्तूपासून कामगाराचे रक्षण करण्यासाठी आहे. ती घालून गाडी चालवणारे आपल्याकडे रोज दिसतात. त्यांनी हा आकडा एकदा वाचावा. परवाना क्रमांक खरा की खोटा हे घरबसल्या तपासता येते. मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि तो चालू आहे की नाही हे दिसते. आपल्या घरातील दहावी-बारावीची मुले हे काम दोन मिनिटांत करतील. दुकानातच करून घ्यावे आणि पावती मागून घ्यावी.

काही हेल्मेटांवर ‘डॉट’ किंवा ‘ईसीई’ असे शब्द असतात. पहिला छाप अमेरिकेचा, दुसरा युरोपातील देशांचा. अमेरिकेच्या पद्धतीत आपला माल मानकानुसार आहे हे उत्पादक स्वतःच जाहीर करतो. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. तेव्हा परदेशी अक्षरे पाहून भुलू नये.

छाप खरा असला तरी माप चुकले तर उपयोग नाही. कपड्याच्या टेपने भुवयांच्या थोडे वर, डोक्याभोवती माप घ्यावे आणि त्या आकड्याचे हेल्मेट घालून पाहावे. पट्टा लावून मान हलविली असता गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मागची कड धरून पुढे ओढले असता ते निघता कामा नये. पट्टा न लावता घातलेले हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडून जाते. गडद काच धुक्यात व रात्री घातक ठरते, म्हणून काच पारदर्शक घ्यावी आणि ओरखडे पडले की बदलावी. हेल्मेट पेट्रोलने पुसू नये, साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे. वाढत्या वयाच्या मुलाला ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठे हेल्मेट घेणे तर मुळीच योग्य नाही.

आपल्या घरांपुरते दोन शब्द. आपल्या मुली व भगिनी आता स्कूटरने कॉलेजला, नोकरीला जातात ही अभिमानाची गोष्ट आहे. हेल्मेटखाली स्कार्फ बांधताना कापड पातळ व एकेरी असावे, मागे गाठ किंवा अंबाडा नसावा आणि टाचण्या तर अजिबात नसाव्यात. दुकानात माप पाहतानाही तोच स्कार्फ बांधून जावे. रमजानमध्ये तरावीहनंतर रात्री रिकाम्या रस्त्यावर एका गाडीवर तिघे तिघे निघतात, डोक्यावर फक्त नमाजाची टोपी असते. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना तिथेच थांबवावे. “नशिबात असेल ते होईल,” असे म्हणणारेही भेटतात. पण तेच गृहस्थ रात्री दुकानाला दोन कुलुपे लावतात!

शाळेच्या फाटकाशी मी रोज पाहतो, अब्बांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मागे बसलेले मूल उघडे असते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे, मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार दंड १,००० रुपये असून परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी कायद्याच्या धाकाने सांगत नाही. आपण मुलाची फी भरतो, क्लास लावतो, रात्री जागतो, ते सारे त्याने घरी सुखरूप परत यावे म्हणून.

तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले हेल्मेट हातात घ्यावे आणि क्रमांक ४१५१ शोधावा. सापडला नाही तर या महिन्याच्या खर्चात पहिली जागा नव्या हेल्मेटला द्यावी, आणि मुलाच्या हेल्मेटला त्याच्याही आधी.